सर्व्हेटस कुणाच्या खात्यात?

प्रिय मैत्रिणीस,


पत्र मिळालं. तुमच्या बायबल अभ्यासगटात पुन्हा जुंपली म्हणतेस. प्रोटेस्टंटांनी कॅथलिकांच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, विषय काढला, कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांची केलेली १५७२ची सेंट बार्थोलोम्यूची कत्तल काढली, मग एका कॅथलिक बाईंनी तुमच्या जिनिव्हातलाच सर्व्हेटस पुढे केला, आणि सगळे गप्प झाले. खरं कुणाचं, असं तू मला विचारतेस. तू नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली, मी वसईची कॅथलिक. माझ्याकडून कौल मागणं धाडसाचंच. पण सर्व्हेटसचं नाव निघालंय तर त्याच्याबद्दलच लिहिते. कारण तो ज्या भांडणात मेला, ते हेच भांडण होतं.

मिगेल सर्व्हेटस मूळचा स्पेनमधल्या अरागॉनचा. पवित्र त्रैक्याची शिकवण आणि तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा त्याला मान्य नव्हता. नाव बदलून तो फ्रान्सातल्या व्हिएन गावात डॉक्टरकी करत होता, तीही तिथल्या आर्चबिशपच्या आश्रयाने. हृदयातलं रक्त फुप्फुसांतून फिरून परत हृदयात येतं, हे त्याने १५५३ साली छापलं. आणि तेही धर्मशास्त्राच्या पुस्तकात, नाव लपवून.

आता नीट ऐक. जिनिव्हात गियोम द त्री नावाचा एक प्रोटेस्टंट निर्वासित राहत होता. ल्योंमधला त्याचा कॅथलिक भाऊबंद त्याला पत्रांतून डिवचायचा, की तुमच्याकडे धर्माला काही धरबंध नाही, परत ये. द त्रीने उलट सुनावलं: आम्हाला काय सांगता, त्रैक्य नाकारणारा माणूस तुमच्याकडे, व्हिएनला, सुखाने राहतोय! सोबत सर्व्हेटसच्या त्या पुस्तकाची पानं पाठवली. पुरावा मागितला गेला तेव्हा सर्व्हेटसने जिनिव्हातल्या प्रोटेस्टंटांचा पुढारी असलेल्या कॅल्व्हिनला खासगीत लिहिलेली पत्रंही पाठवली, आणि ती कॅल्व्हिननेच काढून दिली होती. प्रोटेस्टंट गावातले कागद असे कॅथलिक इन्क्विझिटरच्या हातात पडले. दोन नातेवाइकांच्या उण्यादुण्यांत तिसऱ्याचा जीव गेला. हे मी वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही.

सर्व्हेटस तुरुंगातून निसटला. जूनमध्ये व्हिएनच्या कॅथलिकांनी त्याच्या पुस्तकांसकट त्याचा पुतळा जाळला. ऑगस्टमध्ये तो जिनिव्हात सापडला. कोठडीतून त्याने नगरपरिषदेला अर्ज केला: उवा जिवंत खाताहेत, विजार फाटली आहे, बदलायला दुसरा सदरा नाही. त्रैक्यावर एवढे जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या त्या सगळ्या विद्वानांमध्ये एकाने त्याला सदरा द्यायला काय हरकत होती? २७ ऑक्टोबरला शांपेलच्या टेकडीवर त्याला जिवंत जाळलं. जाळण्याऐवजी शिरच्छेद करा, असं कॅल्व्हिनने सुचवलं होतं. परिषदेने ऐकलं नाही. तुमच्या गटातले कॅल्व्हिनचे पाठीराखे हेच पुढे करतील. करू देत, खरं आहे ते. पण मरण त्यालाही हवंच होतं.

प्रोटेस्टंटांपैकीच असलेल्या सेबास्टियन कॅस्टेलिओने तेव्हा एका पुस्तकात लिहिलं की माणूस मारल्याने मत राखलं जात नाही, माणूस मरतो एवढंच. त्याचं ते पुस्तक छापायला १६१२ साल उजाडलं, तोवर तो जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. मला या सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच.

आता माझ्या घरचं. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० साली सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, म्हणजे त्या न्यायालयाचा हात आमच्या गावांपर्यंत पोचत होता. बाप्तिस्मा घेतल्यावरही जुने रीतिरिवाज पाळले म्हणून माणसं धरली जायची. आमच्यातले काही जण लगेच म्हणतात, जिनिव्हातही तेच चाललं होतं की! त्यांना मी सांगते की जिनिव्हाकडे बोट दाखवून गोव्याचं एक माणूससुद्धा परत मिळत नाही.

तुझ्या लोकांचंही ऐक. १९०३ साली कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी शांपेलला दगड उभा केला. त्यावर त्यांनी कॅल्व्हिनविषयी आदर आणि कृतज्ञता कोरली, आणि त्या कृत्याचा निषेधही. मात्र चूक त्या शतकाची म्हणून. हे शतकावर ढकलणं मला पटत नाही. कॅस्टेलिओही त्याच शतकात जगला ना?

माझ्या मनासारखं उत्तर मला इटलीतल्या वाल्डेन्सियन पंथाच्या प्रोटेस्टंट लोकांकडे सापडलं. आमच्या चर्चने त्यांचा शतकानुशतकं छळ केला. २०१५च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस तुरीनला त्यांच्या उपासना मंदिरात गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. ऑगस्टमध्ये त्यांच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, कृतज्ञतेने कळवलं, की ज्यांचं रक्त सांडलं त्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार आम्हाला नाही. कॅथलिक म्हणून मला ते लागलं, आणि तेच योग्य वाटलं.

तेव्हा पुढच्या बैठकीत जिनिव्हाची गोष्ट तू सांग, त्या बाईंना सांगू देऊ नकोस. गोव्याची त्यांच्यावर सोपव, आणि त्यांना काही माहीत नसेल तर माझा पत्ता दे.

तुझीच,
वसईची मैत्रीण