चोर सोडून संन्याशाला सुळीं

सातारा शहराच्या जुन्या पेठांपैकीं एका पेठेंत आमचें घर आहे. बोळ अरुंद, वाडे एकमेकांस टेकून उभे. कोणाच्या घरीं पाहुणा आला, तर त्याच्या चहास आधण ठेवण्यापूर्वींच ती वार्ता साऱ्या आळींत पोंचते. दिवसा दारास कडी लावण्याची चाल आमच्याकडे नव्हती. अशा ह्या पेठेंत सन २०२४ च्या श्रावणांत पंधरा दिवसांच्या आंत दोन चोऱ्या झाल्या. प्रथम शेजारच्या काकूंच्या अंगणांतील तांब्याचा बंब नाहींसा झाला, व पुढें माझ्या वडिलांची सायकल गेली. सायकल जुनी होती खरी, परंतु तिच्यावरूनच ते रोज कामावर जात असत.

चोरीनें गेलें तें थोडें. भीतीनें गेलें तें पुष्कळ. दारांस कुलपें लागलीं. मुलींची सायंकाळची शिकवणी बंद झाली. म्हातारीं माणसें रात्रीं जरा खुट्ट झालें कीं दचकून उठूं लागलीं. अखेर मारुतीच्या देवळांत सभा भरली. एक गृहस्थ उठून म्हणाले, “गेल्या वर्षीं एक चोरी, यंदां दोन! गुन्हे दुप्पट झाले!” हे शब्द ऐकतांच सर्वांच्या मनांत एकच प्रश्न उभा राहिला: हा चोर कोण?

ओढ्याच्या कांठीं पाल ठोकून एक कुटुंब राहत होतें. तीं माणसें दिवसभर भंगार व रद्दी गोळा करीत. त्यांच्यांतील मुलगा माझ्याच वयाचा होता. आमच्या दारीं तो रद्दी घेण्यास आला म्हणजे जुन्या वह्या चाळून, ज्यांत कोरीं पानें उरलीं असतील त्या निराळ्या काढून ठेवी. सभेंत कोणी तरी म्हणालें, “त्यांची जातच तसली.” दुसऱ्यानें विचारलें, “पण कोणीं डोळ्यांनीं पाहिलें आहे काय?” तेव्हां मी उभा राहिलों व म्हणालों, “त्या मुलास मीं रात्रीं आमच्या भिंतीपाशीं पाहिलें.” वस्तुतः मीं त्याला पाहिलें होतें तें भर दुपारीं, आणि तो पाठीवर पोतें घेऊन आपल्या वाटेनें सरळ चालला होता. ‘दुपारीं’ ह्या शब्दाच्या जागीं मीं ‘रात्रीं’ हा शब्द घातला, इतकेंच. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि त्या क्षणीं मला मोठी धन्यता वाटली.

दुसऱ्या दिवशीं पांचसात मंडळी ओढ्यावर गेली. कोणीं मारहाण केली नाहीं. परंतु सायंकाळच्या आंत जागा सोडावी, असें त्या कुटुंबास बजावण्यांत आलें. तीं माणसें एक शब्दही न बोलतां निघून गेलीं.

इकडे वडिलांनीं सायकलीची फिर्याद पोलिसांत दिली होती. दहा दिवसांनीं तपास लागला. सायकल व बंब हीं दोन्ही एका मोडवाल्याकडे सांपडलीं, आणि तीं विकणारा निघाला आमच्याच पेठेंतील, चांगल्या घरचा एक तरुण! मोबाइलवरील जुगारांत त्याला कर्ज झालें होतें. कोणाचें अंगण केव्हां निर्मनुष्य असतें हें त्याला अचूक ठाऊक होतें, कारण तो आमच्यांतलाच होता. देवळांतील सभेलाही तो हजर होता.

त्या रात्रीं मीं आजोबांजवळ सर्व कबूल केलें. ते गणिताचे जुने शिक्षक. रागें न भरतां त्यांनीं मला पाटी घ्यावयास सांगितलें. ते म्हणाले, “गुन्ह्यांचें प्रमाण दर लाख वस्तीमागें काढतात. एखाद्या पेठेची वस्ती दोन हजार धर. वर्षांत एक चोरी झाली तर तें प्रमाण ५० येतें, दोन झाल्या तर १००. आंकडा दुप्पट झाला, पण वाढली ती एकच चोरी. लहान जागेंत एका माणसाच्या दुर्वर्तनानेंही आंकडा उडी मारतो. शिवाय सरकारी वहींत नोंद होते ती फिर्याद दिलेल्या गुन्ह्याची. काकूंनीं फिर्याद दिलीच नव्हती. मग तुमचे दोन तरी खरे कशावरून, आणि गेल्या वर्षींचा एक तरी खरा कशावरून?”

क्षणभर थांबून ते पुढें म्हणाले, “सन १८७१ मध्यें इंग्रज सरकारनें एक कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. त्या लोकांना पोलिसांपुढें हजेरी द्यावी लागे. आपल्या सोलापुरास तर त्यांना तारेच्या कुंपणांत ठेवीत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. कागदावरून गेला, पण परवां देवळांत तो पुन्हां बोलला, आणि त्याला साक्षीदार मिळालास तूं.”

ह्या शब्दांनीं मला जितकें रडविलें, तितकें छडीनेंही रडविलें नसतें. पुढच्या सभेंत मीं उभा राहून आपलें असत्य सर्वांसमक्ष सांगितलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. नंतर मात्र उपयोगाच्या गोष्टी ठरल्या. बोळांतील बंद पडलेले दिवे नगरपालिकेकडे अर्ज करून लावून घेतले. लहानशाही चोरीची फिर्याद द्यावयाची व प्रथम खबरीची प्रत, जी कायद्यानें विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावयाची, असें ठरलें. संकटसमयीं ११२ हा क्रमांक फिरवावा, हें घरोघर सांगितलें. मुलींची शिकवणी पुन्हां सुरू झाली. बोळाच्या तोंडाशीं पाळीपाळीनें दोन वडील माणसें बसतात.

त्या कुटुंबाचा मात्र शोध लागला नाहीं. आजोबा व मी दोन रविवार निरनिराळ्या वस्त्यांत विचारपूस करीत हिंडलों. कोऱ्या पानांच्या वह्यांचा एक गठ्ठा मीं अजून बांधून ठेवला आहे.

बालमित्रहो, आपली पेठ सुरक्षित असावी असें कोणाला वाटत नाहीं? परंतु कुलूप, दिवा व पहारा ह्यांच्याइतकीच खरी साक्षही पेठेचें रक्षण करते. माझ्या खोट्या शब्दानें आमच्या पेठेंत तिसरी चोरी झाली. एका मुलाचें घर गेलें, आणि तिची नोंद कोणत्याही वहींत नाहीं.