पिलोत्ता चौकातली कायदेशाळा

रोमच्या ट्रेवी कारंज्यापाशी बाराही महिने झुंबड असते. पाठमोरं उभं राहून खांद्यावरून नाणं पाण्यात टाकलं की रोमला पुन्हा येणं होतं, अशी समजूत. तिथून दोन-तीन गल्ल्या ओलांडल्या की कोलाहल मागे पडतो आणि पिलोत्ता चौकात ग्रेगोरियन विद्यापीठाची भारदस्त इमारत समोर येते. जगभरातून माणसं इथेही येतात, पण ती शिकायला. त्यातली काही शिकतात ‘कॅनन लॉ’, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा.

संत इग्नेशियस लोयोला यांनी १५५१ साली काढलेल्या रोमन कॉलेजचा हा वारसा. पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॉलेजला भरघोस मदत केली, म्हणून नावही त्यांचंच. आपल्या भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर १५८२ साली लागू झालं तेही याच पोपच्या आदेशाने. त्याचं गणित मांडणाऱ्यांत इथलेच प्राध्यापक क्लाव्हियस होते. कायद्याची विद्याशाखा १८७६ची, तर आजची इमारत १९३०ची.

अभ्यास सोपा नाही. मूळ कायदा लॅटिनमध्ये, तेव्हा ती भाषा यायलाच हवी. १९१७च्या संहितेत २,४१४ कलमं होती. १९८३च्या नव्या संहितेत १,७५२ आहेत. धर्मशास्त्राचं शिक्षण नसेल तर आधी दोन वर्षं पाया पक्का करायचा, मग तीन वर्षांची ‘लायसन्शिएट’ पदवी आणि त्यापुढे डॉक्टरेट. दार केवळ धर्मगुरूंना नव्हे, नन्सना आणि संसारी स्त्री-पुरुषांनाही उघडं आहे. बिशपचे अधिकार, चर्चची मालमत्ता, बाप्तिस्मा, गुन्हे आणि शिक्षा असं सारं शिकावं लागतं. शिक्षांचा भाग २०२१ मध्ये बदलला आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांबाबतची कलमं अधिक कडक झाली.

सामान्य कुटुंबाची या कायद्याशी गाठ पडते ती मात्र बहुधा संसार मोडल्यावर. चर्च घटस्फोट मानत नाही. त्यामुळे त्याच्या न्यायालयात ‘संसार का मोडला?’ हा खरा प्रश्न नसतोच. ‘लग्न मुळात लागलं होतं का?’ हा असतो. होकार धाकाने घेतला होता का? फसवणूक झाली होती का? लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवत होती का? नवरा-बायको दोघांनाही वेगळं व्हायचं असलं, तरी लग्नाची बाजू मांडायला एक जण नेमलेला असतोच. त्याला म्हणतात ‘बंधनरक्षक’. हे पद १७४१ पासून चालत आलं आहे. लग्न रद्दबातल ठरलं, तरी त्यातली मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत.

पूर्वी असा निकाल एका न्यायालयाने देऊन भागत नसे, दुसऱ्यानेही तोच द्यावा लागे. त्यात माणसांच्या उमेदीची वर्षं जात. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही अट काढली आणि खटले शक्यतो विनामूल्य चालावेत, असंही सांगितलं.

हा कायदा शिकायला रोमलाच जावं लागतं असं नाही. बंगळुरूच्या सेंट पीटर्स संस्थेतही तो शिकवला जातो. भारतात तर दोन संहिता लागतात. वसई, मुंबई, गोव्याच्या लॅटिन परंपरेतल्या कॅथलिकांना १९८३ची, तर केरळच्या सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा चर्चना १९९०ची, १,५४६ कलमांची. मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही. चर्चच्या निकालाने देशाच्या कायद्यापुढे लग्न सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं, आणि चर्चच्या निकालांना कायदेशीर मान्यता मागणारी याचिकाही २०१७ मध्ये फेटाळली. केवळ चर्चच्या कागदावर विसंबून दुसरं लग्न करणारा अडचणीत येऊ शकतो.

संहितेचं शेवटचं, १,७५२वं कलम वरवर रुक्ष आहे. विषय धर्मगुरूंच्या बदलीचा. पण त्याच्या अखेरीस सांगितलं आहे की, आत्म्यांचं तारण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा. पिलोत्ता चौकातला विद्यार्थी पाच-सहा वर्षं घासतो, ती उरलेली सगळी कलमं या एका वाक्याच्या उजेडात वाचता यावीत म्हणून. कारण उद्या त्याच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक फाइलमागे कुणाचा तरी मोडलेला संसार असणार आहे.