कपाटाची किल्ली

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी ‘नेतृत्व’ हा विषय शिकवताना मोठमोठी नावे सांगितली. मला मात्र एक किल्ली आठवत होती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. सरकारी कागद वाचायचा तर तो माझ्याच हातात येतो. चार वर्षांपूर्वी ताईला पहिल्या बाळंतपणासाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले, तेव्हाही केसपेपर धरून मीच उभी होते. बाळ मध्यरात्री झाले. पण ताईचे रक्त थांबेना. गर्भाशय आकसण्याचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते. ते फ्रीजमध्ये होते, फ्रीजच्या खोलीला कुलूप होते आणि किल्ली आधीच्या पाळीच्या सिस्टरबरोबर घरी गेली होती. शिपाई ती घेऊन येईपर्यंत आईने ताईचा हात सोडला नाही. ताई वाचली. “नशीब!” असे सारे म्हणाले. मीही तेच मानले.

गेल्या पावसाळ्यात दुसरे बाळंतपण आले. आई भीतीने जेवेना. दवाखाना तोच, पायरी तशीच फुटकी, माणसेही तेवढीच. बदलल्या होत्या फक्त इन्चार्ज सिस्टर. आता किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला होती. “मागच्या वेळी रक्त जास्त गेले होते का?” हे आल्याआल्या विचारून लाल शाईने लिहिले गेले. पाळी बदलताना दोन्ही सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून बोलल्या. एक नवखी सिस्टर डॉक्टरांना म्हणाली, “सर, हात धुवायचे राहिले.” डॉक्टर निमूटपणे नळाकडे गेले. बाळ झाले आणि मिनिटभरात इंजेक्शन दिले गेले.

पुढे ग्रंथालयात मी इग्नाझ सेमेलवाइसविषयी वाचले. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. त्याच्या विभागात एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये सुमारे २. तरीही वरिष्ठांनी त्याला साथ दिली नाही. १८५० साली त्याने ते शहर सोडले. उपाय सापडला होता. पण तो सर्वांची रोजची रीत व्हावी, असे वरच्यांना वाटले नाही.

२०१८ ते २०२० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला, महाराष्ट्रात ३३. हे आकडे वाचताना मला ताईचा पांढराफटक चेहरा दिसतो. त्यांतल्या किती जणींच्या वेळी किल्ली कुणाच्या तरी घरी असेल?

सकाळी इन्चार्ज सिस्टर आल्या. आईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, “बाई, तुमच्यामुळे माझी पोर सुखरूप सुटली.”

त्या हसल्या. “अहो मावशी, मी तर काल रात्री घरी झोपले होते!”

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात सापडले. त्या नसतानाही सारे तसेच झाले, हेच त्यांचे काम होते.