सहावी खुंटी

एखाद्याच्या घरात शिरल्यावर त्या घराचा स्वभाव कशावरून ओळखावा, याची प्रत्येकाची रीत निराळी असते. कोणी पुस्तकांचे कपाट पाहतो, कोणी देवघर, तर कोणी मोरीतला तांब्या. मी आपला भिंतीवरच्या खुंट्या पाहतो. कपाट पाहुण्यांना दाखवण्यासाठी लावलेले असू शकते. पण खुंटीवर जे लोंबत असते ते घरातल्या माणसांचे अगदी खरेखुरे असते. घामेजलेला सदरा, बाजाराची पिशवी, शेतावरून आलेला रुमाल, आणि अलीकडे शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट! माणूस बाहेरून येतो आणि दिवसभराचा शीण त्या वीतभर लाकडाला अडकवून मोकळा होतो.

आपल्या भाषेनेही या बिचारीला थोडे का राबवले आहे? अक्कल टांगायची ती खुंटीला. गाणे सुरू होण्याआधी तंबोऱ्याची पिळायची तीही खुंटीच. तिचा थोरला भाऊ खुंटा, त्याला तर आपण हलवून हलवून बळकट करतो. शनिमाहात्म्यातही विक्रमराजावर बालंट आले ते खुंटीवरच्या हारापायी. हार गिळला चित्रातल्या हंसाने, आणि खुंटी मात्र मुकाट्याने पाहत राहिली.

तर अशी ही खुंटी. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी घरच्या घरी एक कोरीव खुंटाळे करायला बसलो. सौ. म्हणाली, "अहो, बाजारात प्लॅस्टिकचं मिळतं. पाठीमागचा कागद काढला की चिकटतं भिंतीला." तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण माझ्याकडे एक लाकूड होते, आणि ते बरीच वर्षे माझी वाट पाहत होते.

आमच्या आजोबांचे गाव बाभूळगाव तालुक्यातले. 2000 नंतरच्या दशकात बेंबळा नदीच्या धरणाचे पाणी चढणार म्हणून गाव उठले. लोकांनी घरे स्वतःच्या हातांनी उतरवली. मातीच्या भिंती तिथेच राहिल्या. पण तुळया, कड्या, दारे आणि चौकटी गाड्यांवर लादून माणसांबरोबर निघाल्या. आमच्या वाट्याला ओसरीच्या दाराची चौकट आली. यवतमाळच्या घरात तिला बसवायला दार नव्हते, म्हणून ती माळ्यावर पडून होती. तिच्यातूनच मी छत्तीस इंच लांब, पाच इंच रुंद आणि इंचभर जाड अशी फळी काढून घेतली.

लाकूड अर्थातच सागवान. आमच्या जिल्ह्यात सागाचे कौतुक कोणी सांगावे आणि कोणी ऐकावे! पांढरकवडा-घाटंजीकडच्या रानांतून पावसाळ्यात गेलात तर सागाची सुपाएवढी पाने दिसतील. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. आमच्या शाळेतली पोरे त्यावर मेंदीची हौस भागवतात. पण गाभ्याचे लाकूड निराळे आणि सालीलगतचे निराळे. सालीलगतचे फिकट लाकूड किडीला आवडते. सोनेरी-तपकिरी गाभ्याला मात्र तिचा सहसा उपद्रव नसतो. या गाभ्यात तेल असते, म्हणून तो पाण्याला दाद देत नाही. शिवाय वाळूतच असते तशी सूक्ष्म सिलिका असते, म्हणून हत्याराची धार लवकर मरते. चौकटीवर रंधा फिरवला, वरचा काळा थर निघाला, आणि आत इतक्या वर्षांनी तोच सोनेरी रंग आणि तोच कातड्यासारखा वास! आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. खाली वाकून तिने रंध्याची एक सुरळी उचलली आणि नाकाशी धरली.

पलीकडच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडून मी दोन पटाश्या आणि एक बारीक किकरे मागून आणले. ते देताना त्यांनी बजावले, "गुरुजी, लाकडाची रेघ पाहूनच हात चालवा. उलटा गेले की ढलपी निघालीच समजा. अन् घडीघडी धार लावा. सागवान हाये ते, घाई केलेली त्याले खपत नाई."

नक्षी कोणती काढावी, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. जुन्या वाड्यांतून कमळे, पोपट, केळफुले असतात. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचा कोरीव दर्शनी भाग मी डोळे भरून पाहिला आहे. पण ती करामत माझ्या आवाक्यातली नव्हे. शेवटी आमची लेक म्हणाली, "बाबा, कमळ कशाला? आपल्याकडे कपाशी आहे की!" लाख बोलली. मधोमध उकललेले बोंड आणि दोन्ही अंगांना सागाच्या पानांची वेल, असे तिनेच कागदावर काढले. कागद खळीने फळीवर चिकटवला. रेषेरेषेवर पटाशी उभी ठोकून नक्षीची कड कापली, मग भोवतालची जमीन दोन दोरे खोल उतरवली आणि शेवटी उठून राहिलेल्या बोंडाच्या पाकळ्या गोल केल्या. एका बोंडाला चार दिवस लागले. कादंबरीचे प्रकरण मी यापेक्षा लवकर लिहितो.

खरा प्रश्न पुढेच होता. खुंट्या किती?

मी चारांचा हिशेब धरला होता. आई, सौ., मी आणि आठवीतला चिरंजीव. लेक जूनमध्ये शिकायला नागपूरला जाणार होती. दोन्ही कडांना तीन-तीन इंच सोडून दहा-दहा इंचांवर चार खुंट्या कशा ऐसपैस बसतात! मी पेन्सिलीने खुणा करीत होतो, तोच आईने विचारले,

"अन् पोरीची कुठं हाये?"

"आई, ती आता सणासुदीला येणार. आली की अडकवील कुठेही."

"कुठंबी अडकवते तो पाहुणा," आई म्हणाली, "अन् पाहुण्याचीबी एक असते, बापा. आपल्या ओसरीवर सहा होत्या. शेवटची रिकामी राहे. तुझे आजोबा शाळेतून आले की कोट पहिलीवर अडकवत. शेवटचीवर आम्हाले कोनाले काही ठेवू देत नव्हते. कोनी वाटसरू आला, त्यानं टोपी कुठं ठेवाव? म्हनत, हातातली टोपी ठेवाले जागा नसली की मानूस बसत नाई, उभ्याउभ्याच जाते."

सौ. हसून म्हणाली, "मग आता सहाच करा."

मी खोडरबर घेतले. दहाऐवजी सहा-सहा इंचांवर खुणा केल्या. कडांचे तीन-तीन इंच तसेच राहिले. सहा खुंट्या बरोबर बसल्या. जरा दाटी झाली, एवढेच.

प्रत्येक खुंटी पाच इंचांची, टोकाला बोंडासारखी फुगीर आणि किंचित वर कललेली, म्हणजे कपडा घसरत नाही. मागचे टोक चौकोनी कोरून फळीच्या भोकात बसवले आणि पाठीमागून त्याच लाकडाची पाचर ठोकली. कितीही ओले घोंगडे लटकवा, पाचर सैल होत नाही. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. जवस आपल्याकडे चटणीपुरते ठाऊक. पण त्याचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडावर कवच धरते. मात्र हौशी वाचकांनी एक ध्यानात ठेवावे : तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटू शकतात. अंगणात पसरून वाळू द्याव्यात.

भिंतीत गट्टू ठोकून खुंटाळे बसवले, तेव्हा शाळा उघडायला आठ दिवस उरले होते. लेकीने पाचव्या खुंटीवर आपली ओढणी अडकवली आणि नागपूरला जाताना ती मुद्दाम तिथेच ठेवली. सौ. दर आठवड्याला ती धुते आणि पुन्हा तिथेच अडकवते. ती धुण्याइतकी मळते कशी, हे मी विचारीत नाही.

पटाश्या परत नेऊन द्यायच्या राहिल्या होत्या, म्हणून एके संध्याकाळी सुतारकाका स्वतःच आले. त्यांनी पाचरी पाहिल्या, बोंडावरून अंगठा फिरवला, "जमलं" म्हणाले. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी सहज शेवटच्या खुंटीवर ठेवली आणि खाली बसले. त्या खुंटीची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नव्हती.

आईने आतून विचारले, "चहात साखर किती टाकू?"