क ला पहिली वेलांटी

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणक तसा वयस्कर. पण यंत्र म्हणून त्यात कसलाही बिघाड नव्हता. दाखले, पावत्या, रविवारच्या सूचना ही नेमाची कामे तो निमूटपणे करीत असे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक पिढीचा प्रोसेसर हवा असतो, तो आमच्या यंत्रात नव्हता. चालता संगणक भंगारात काढण्यास माझे मन धजेना. तेव्हा धर्मग्रामातील एका तरुणाने सुचविले, "फादर, लिनक्स मिंट घालू या. पैसे पडत नाहीत, आणि जुन्या यंत्रावरही चांगलं चालतं."

मला धास्ती होती ती एवढीच, की सारे अनोळखी होईल. माझी पहिली ओळख विंडोज ९५ शी. त्या प्रणालीने डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्टचे बटण आणून बसविले आणि आमच्या पिढीची बोटे तेथे जाण्यास शिकली ती कायमची. (२०१२ साली विंडोज ८ मधून ते बटण काढून टाकले गेले आणि लोकांच्या नाराजीनंतर २०१३ च्या ८.१ मध्ये पुन्हा आणावे लागले, हे वाचल्यावर आपण एकटेच हट्टी नाही याचा मला आनंद झाला होता.) मिंटचा 'सिनॅमन' नावाचा चेहराही अशाच हट्टातून जन्मला आहे. २०११ मध्ये ग्नोम या लिनक्सच्या लोकप्रिय चेहऱ्याने जुनी मांडणी टाकून दिली, तेव्हा ती ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी मिंटच्या मंडळींनी हा वेगळा चेहरा घडविला. खाली पट्टी, डावीकडे यादीचे बटण, उजवीकडे घड्याळ. सारे ओळखीचे.

तरी आम्ही दोघे दोन संध्याकाळी खपलो. बटणाचे चित्र बदलले, पट्टीचा रंग जुन्यासारखा निळा केला. लिब्रे ऑफिसमध्ये वरच्या आज्ञा कप्प्याकप्प्यांत दाखविण्याची सोय आहे, ती लावून घेतली. पडद्यामागे जुनेच चित्र ठेवले : गावच्या बावखलाचे, पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "पाहा बाई, सगळं पूर्वीसारखंच आहे!"

बाई म्हणजे आमच्याकडील निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीच्या पुढे. आठवड्यातून तीन सकाळी त्या कार्यालयात येत आणि दाखले टंकलिखित करून ठेवीत. मानधन कधी घेतले नाही. त्या दिवशी त्या तासभर बसल्या, दोन दाखले हातानेच लिहिले आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाही. निरोप आला, की गुडघा दुखतो.

गुडघा खरोखरच दुखत असेल, असे मी स्वतःला सांगितले. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बाई ओटीवर वाल सोलीत बसल्या होत्या आणि गुडघा चांगला दुमडलेला होता. चहा झाला, मुलांनातवंडांची चौकशी झाली. उठता उठता मी विचारले, "बाई, कॉम्प्युटरचं काही अडलं का?"

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, तुम्ही म्हणालात सगळं तसंच आहे. आणि मला डी सापडेना. खाली कागदांची नावं दिसेनात. तुम्ही तसंच आहे म्हणता, म्हणजे माझंच काहीतरी बिघडलं असं वाटलं. आमच्या आईचं शेवटी असंच झालं होतं."

मला बोलणे सुचेना. डी म्हणजे काय, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. विंडोजमध्ये संगणकाच्या साठ्याचे सी, डी असे भाग दिसतात. बाईंची सारी कागदपत्रे 'डी'मध्ये असत. लिनक्समध्ये ही अक्षरेच नसतात. सारा साठा एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांप्रमाणे मांडलेला असतो. मी दर्शनी भिंत जुन्या रंगाने रंगविली होती आणि आतल्या खोल्या बदलल्या आहेत हे सांगितलेच नव्हते. शिवाय ती भिंतसुद्धा माझ्याच आठवणीप्रमाणे रंगविलेली. बाईंना काय ओळखीचे होते, हे मी विचारले कुठे होते?

"बाई, बिघडलंय ते माझं," मी म्हणालो. "डी तिथे नाहीच. उद्या या. काय बदललंय ते मी एकेक करून सांगतो आणि तुम्हाला काय कुठे हवं ते तुम्ही सांगा."

त्या आल्या. तो तरुणही आला. बाई डावखुऱ्या आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते. जुन्या यंत्रावर त्यांनी माऊसची बटणे कोणाकडून तरी उलटी करून घेतली होती आणि मी बसण्यापूर्वी त्या ती रोज सुलटी करून ठेवीत! आता त्यांच्यासाठी वेगळे खाते उघडले, म्हणजे त्यांची मांडणी त्यांची आणि माझी माझी. बाण मोठा केला, अक्षरे वाढविली. खालच्या पट्टीवर एका कामाचे सारे कागद एकाच चित्रात गोळा होत, त्याऐवजी प्रत्येकाचे नाव दिसेल अशी यादी आणली. त्यांच्या कागदपत्रांच्या संचाला 'डी' हेच नाव देऊन तो बाजूच्या रकान्यात टाचून ठेवला. निळा रंग मात्र त्यांना नको होता. "तो मला पूर्वीही आवडत नव्हता," म्हणाल्या.

राहिले मराठी टंकलेखन. बाईंचा हात टंकलेखन यंत्रावर तयार झालेला. त्यावर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. आमचे जुने फाँट त्याच रीतीने चालत. नव्या प्रणालीत युनिकोडसाठी आम्ही इनस्क्रिप्ट हा १९८० च्या दशकात ठरलेला सरकारी कळफलक घेतला. त्यात स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे, आणि वेलांटी ऱ्हस्व असो वा दीर्घ, अक्षरानंतरच. ही अडचण मात्र कोणत्याही सजावटीने झाकता येणारी नव्हती. मी चाचरतच सांगितले, "इथे तुम्हाला नव्याने शिकावं लागेल, बाई. आधी क, मग वेलांटी."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "नव्याने कसलं, फादर? पहिलीच्या पोरांना जन्मभर काय शिकवलं मी? क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि. मशीनवरच तर उलटं होतं. तेव्हा मला किती दिवस लागले होते ते!" असे म्हणून त्या तोंडाने पुटपुटत कळा शोधू लागल्या. डावा हात वेलांटीवर, उजवा अक्षरावर. बाराखडी एकदा पुरी झाली, मग दुसरी. तरुण मुलाने काही सांगण्यासाठी तोंड उघडले, ते मी खुणेने बंद केले.

साडेअकरापर्यंत एक दाखला तयार झाला. पूर्वी तेवढ्या वेळात सात-आठ होत. बाईंनी तो पडद्यावर दोनदा वाचला, एका आडनावातील ऱ्हस्वाचा दीर्घ केला, आणि छापण्याची आज्ञा दिली. यंत्र घरघरले आणि थांबले.

"फादर," बाई मागे न पाहताच म्हणाल्या, "कागद घातला नाहीत."