वाडीतली फटफटी

वसईला जायचे म्हटले की मुंबईकर मंडळींच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात : चिमाजी अप्पांनी १७३९ साली सर केलेला किल्ला आणि केळ्यांच्या बागा. मुलांना घेऊन सकाळच्या गाडीने यावे, बुरुजावर चढावे, डबे सोडावेत आणि येताना हिरव्या सालीची दोन डझन केळी पिशवीत टाकावीत, हा आमच्या पिढीचा ठरलेला कार्यक्रम. यंदा पावसाळा सरता सरता मी वसईला तीनचारदा गेलो, तो मात्र या दोहोंपैकी कशासाठीही नव्हे. मी गेलो होतो फटफट्या पाहायला!

वसई रोडच्या स्टेशनाबाहेर पडले की पहिली दहा मिनिटे आपण बोरिवलीला आहोत की कांदिवलीला, हेच उमगत नाही. २००९ साली इथे महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिच्या हद्दीत बारा लाखांवर माणसे भरली. २०१४ साली ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा निराळा झाला. इमारतींवर इमारती चढल्या आहेत. पण रिक्षा पापडीच्या पुढे निघाली की रस्ता एकदम अंग चोरतो. वळणावर पांढरा क्रूस दिसतो, माडांची सावली येते, आणि कुंपणापलीकडे बसकी कौलारू घरे, विहीर, अळूचे वाफे. अशाच एका वाडीत आमचे स्नेही राहतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, म्हणून सारे गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणते. मीही तेच म्हणतो.

मास्तरांच्या घरामागे एक पडवी आहे. पूर्वी वसईच्या बागा रहाटाच्या पाण्यावर जगत, आणि रहाट ओढणारी जनावरे या पडवीत बांधली जात. पुढे पंप आले, जनावरे गेली, पडवी रिकामी झाली. रिकाम्या जागेत काय शिरेल याचा नेम नसतो. मास्तरांच्या पडवीत फटफट्या शिरल्या.

मी पाहिले तेव्हा तिथे तीन होत्या. एक राजदूत : पोलंडच्या गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून काढलेली, दूधवाल्यांची लाडकी. दुसरी लूना. पुण्याच्या फिरोदियांची ही लेकुरवाळी १९७२ साली आली आणि तिने कितीतरी मास्तरणींना, नर्सबाईंना आणि पोस्टातल्या कारकुनांना बसच्या रांगेतून सोडवले. आणि तिसरी, मानाची, मरून रंगाची जावा. मूळची ही झेकोस्लोव्हाकियाची; १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात होऊ लागली, १९७३ नंतर ‘येझदी’ नावाने निघाली, आणि १९९६ साली कारखान्यालाच टाळे लागले.

‘‘मोठ्या गाड्यांच्या वाटेला मी जात नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘हिचे इंजिन उतरवले की दोघांनी उचलून टेबलावर ठेवता येते. एक सिलिंडर, एक पिस्टन. झडपांची भानगड नाही. शाळेतल्या पोरालाही फळ्यावर काढून दाखवावे इतके सोपे.’’

खरेच सोपे आहे. या इंजिनांत तेल निराळे घालायचे नसते, पेट्रोलातच मिसळायचे. जावाला लिटरमागे चाळीस मिलिलिटर. कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर मागून निळा धूर आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. जावाची आणखी एक गंमत अशी की, गिअरचा आणि किकचा दांडा एकच! पायाने दाबून वर फिरवला की तो किक होतो, खाली आणला की गिअर. पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास घोटाळतो.

वसईत या छंदाचा खरा वैरी म्हणजे खारा वारा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरे. क्रोम केलेल्या पत्र्यावर आधी टाचणीएवढे ठिपके उठतात, मग देवीचे व्रण यावेत तसा सगळा पत्रा खातो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते, जुन्या रबराला सोसत नाही, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकी आतून तांबडी होते. मग टाकी सोडवून, तिच्यात रॉकेल आणि मूठभर बारीक नट टाकून तासन् तास हलवत बसायचे. मास्तर हे काम ओटीवर बसून, रेडिओ ऐकत करतात. मास्तरीणबाईंचे म्हणणे, ‘‘नातवंडांना पाळण्यात घालून एवढे हलवले असते तर!’’

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा भंगारबाजार आणि चोरबाजारातली मटन स्ट्रीट. पुण्याला कुणी जाणारा भेटला तर रविवारच्या जुन्या बाजारात पाहून यायचे. लेथवाला मात्र जवळचा हवा, कारण सिलिंडर कातून घेताना समोर उभे राहावे लागते. रंगकाम दसऱ्यानंतर. पावसाळी हवेत रंग दिला तर त्यावर दुधी साय धरते. म्हणून सारी ठोकपीट पावसाळ्यात उरकून रंगाचा डबा ऐन दिवाळीच्या तोंडावर फोडायचा. फराळाच्या आणि थिनरच्या वासांची झुंज या घरात दरवर्षी होते म्हणतात.

आता जावाची कथा. ती मास्तरांच्या थोरल्या भावाची. १९६७ साली घेतलेली. वाडीतली मोगऱ्याची फुले पहाटे टोपलीत भरायची, फटफटीवरून स्टेशन गाठायचे आणि पहिल्या गाडीने दादरच्या बाजारात पोहोचवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. ते गेले, गाडी त्यांच्या मुलाच्या नावावर झाली. हा पुतण्या विरारला इमारतीत राहतो, नोकरी अंधेरीला. त्याच्या डोक्यात निराळेच. मागचा मडगार्ड कापायचा, सीट आखूड करायची, हँडल खाली आणायचे, सगळी गाडी काळी करायची. हल्ली तरुणांत याची मोठी हौस आहे, आणि हौस वाईट नाही. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटातली ती बुटकी राजदूत पाहून आपल्यातल्या किती जणांना तशी गाडी हवी झाली होती, ते आठवून पाहा!

मास्तरांचा मात्र ठाम नकार. ‘‘सांगाड्याला करवत लागली की गाडी मेली.’’ कायदाही त्यांच्याच बाजूचा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून मान देणारा नियम २०२१ साली आला. त्यातही सांगाडा आणि इंजिन मूळचेच हवे, आणि अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. पुतण्याला तर रोज फिरवायची होती. काका-पुतणे महिनाभर एकमेकांशी ‘‘पाना दे’’ यापलीकडे बोलत नव्हते.

मग एके रविवारी, मी तिथे असताना, मागच्या बाजूचा जुना रंग खरवडला गेला आणि सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या उघड्या पडल्या. ओबडधोबड वेल्डिंग, गावातल्याच कुणा लोहाराचे. फुलांची टोपली बसवण्यासाठी थोरल्या भावाने करून घेतलेली घोडी ती. मास्तरांनी कंपनीच्या जुन्या पुस्तकातले चित्र काढून पाहिले. चित्रात अर्थातच घोडी नव्हती.

‘‘ही काढावी लागेल,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मूळची नाही.’’

पुतण्या चाकाजवळ उकिडवा बसला होता. तो उठला नाही. ‘‘काका, ती राहू दे,’’ एवढेच म्हणाला.

‘‘अरे, पण तूच तर सगळे कापायला निघाला होतास!’’

‘‘बाकीचे कापणार होतो. ही नव्हे.’’

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी घोडीवरून हात फिरवला आणि पॉलिशकागदाचा तुकडा पुतण्याच्या हातात दिला. कापाकापीचा विषय त्यानंतर निघाला नाही. पुतण्याची हौस राजदूतवर भागवायचे ठरले : सांगाडा तसाच ठेवून हँडल, सीट आणि रंग त्याच्या मर्जीचा; रंग बदलल्याची नोंद विरारच्या आरटीओत. मला विचाराल तर तो काळाकुट्ट रंग मुळीच आवडलेला नाही. पण मला विचारतो कोण?

पलीकडच्या वाडीत मात्र इमारतीचे खांब उभे राहिले आहेत. मास्तरांकडेही बिल्डरांची माणसे येऊन जातात. ‘‘तीन खोल्या देतील,’’ मास्तर म्हणतात, ‘‘आणि खाली रंगवलेल्या दोन रेघांत गाडी लावायची जागा. तिथे इंजिन उघडले तर सोसायटीचा चिटणीस धावून येईल.’’ पडवी आहे तोवर हे काम आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणूनच की काय, यंदा हात जरा घाईने चालतात.

दसऱ्यानंतर जावा रंगून तयार झाली. टाकीवरच्या सोनेरी रेघा मास्तरांनी बारीक कुंचल्याने, श्वास रोखून ओढल्या. पुतण्याने मला मागे बसवले आणि आम्ही अर्नाळ्याला निघालो. गिरीज, निर्मळचे तळे, नंदाखाल. ऊन कोवळे होते आणि बागांतून ओल्या मातीचा वास येत होता. आवाज असा की लोक घरातून ओट्यावर येत. आगाशीला थांबलो, कारण तिथली सुकेळी घेतल्याशिवाय परत जाणे म्हणजे घरी भांडण. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, अंजिरासारखी होतात.

सुकेळी बांधून देणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी गाडीकडे पाहिले, मागच्या घोडीकडे पाहिले, मग पुतण्याच्या तोंडाकडे.

‘‘टोपली कुठे रे?’’

पुतण्या गडबडला. ‘‘आणायची आहे,’’ म्हणाला.

बाईंनी पैसे पुरते घेतले, एक पैही कमी केली नाही. पुडा मात्र माझ्या हातात न देता स्वतः उठून घोडीवर ठेवला आणि सुतळीने करकचून बांधला.