मजल पापनाशमची

तंजावरहून पहाटे निघालं की पापनाशम ही एका दिवसाची मजल. पंचवीसेक किलोमीटर. वारीत मुरलेल्या पायांना ती जड नाही. जड जातं ते दिंडीवाचून चालणं. पुढे पताका नाही, मागे टाळ नाही, की विसाव्याला हाक मारणारा कुणी नाही.

जानेवारीत, पोंगलच्या सुमारास, इथली पहाट थंड असते. बायका दारापुढचं अंगण शिंपून तांदळाच्या पिठाचे कोलम काढत असतात आणि पाय रांगोळीवर पडू नये म्हणून आपण कडेकडेनं चालतो. मग उजाडतं. सांबा भात कापणीला आलेलं असतं. जिथे कापणी उरकली तिथे निम्म्या डांबरी रस्त्यावर भात वाळत घातलेलं. त्यावरून मोटारी खुशाल जातात. पायी चालणाऱ्याला मात्र तसं जाववत नाही. अय्यमपेट्टैच्या बाजूला हदग्याच्या झाडांवर चढवलेले पानमळे लागतात. दुपारच्या उन्हात त्यांच्या कडेची गार सावली कुठल्याही टपरीपेक्षा बरी.

समोरून हिरव्या वस्त्रांतली माणसं येतात. मुरुगनच्या तैपूसम सणासाठी पळनीला निघालेली, अनवाणी. कुठे कुणी त्यांना ताक देतं, कुठे लिंबूभात. आपण त्यांच्यातले नाही हे स्पष्ट दिसत असूनही द्रोण आपल्याही हातात येतो.

लांब चालणाऱ्याच्या पायांचं कौतुक फार होतं. मला चालण्याचा दिवस दुसऱ्यांच्या चुलींवर ठरतो असं वाटतं. काशीहून कावडीनं गंगा आणून ती रामेश्वरी वाहायची आणि सेतूची वाळू परत प्रयागला न्यायची, ही यात्रा मराठी माणसाला एकनाथांच्या गाढवामुळे पाठ आहे. पण त्या कावडीवाल्यांच्या खांद्यांइतकंच त्यांच्या पोटाचंही कुणीतरी पाहत होतं. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे अन्नछत्रं, बांधली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलंच. राज्य कंपनीच्या हाती गेल्यावर, 1801 साली, दुसऱ्या सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची बाजू मांडली. तिथली रीत त्यांनी बारकाईनं सांगितली आहे. येईल त्याला, जात कुठलीही असो, शिजलेला भात; शिजलेलं चालत नसेल त्याला कोरडा शिधा. हे मध्यरात्रीपर्यंत चालायचं. मग घंटा वाजवून, कुणी जेवायचं राहिलं असेल तर या, अशी हाक घालायची. आजारी वाटसरूला औषध. पोरक्या मुलांना पंतोजीच्या हवाली करून जेवणखाण आणि शिक्षण. गेलेलं राज्य मागण्यात अर्थ नव्हता. राजानं अन्नछत्रं तेवढी राखून मागितली. मला हा त्याच्या आयुष्यातला मोठा राजकारणाचा क्षण वाटतो. इतिहासकारांना वाटेलच असं नाही.

पापनाशमला पोचेपर्यंत ऊन उतरतं. कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन या कावेरीच्या फाट्यांच्या कुशीतलं हे गाव. रामानं पाप फेडायला इथे लिंगं स्थापली, अशी कथा. देवळात ती रांगांनी मांडलेली आहेत, मिळून 108. त्यांतलं एक हनुमंतानं काशीहून आणलेलं. काशी ते पापनाशम! पण तो उडत आला, म्हणून पदयात्रींत त्याला धरता येत नाही.

मी मात्र गावातल्याच दुसऱ्या, पालैवननाथाच्या देवळातल्या धान्याच्या कोठाराशी जास्त रेंगाळतो. विटांचं, वर निमुळतं होत गेलेलं. सतराव्या शतकाच्या आरंभी नायकांच्या काळात बांधलेलं. कलम या इथल्या मापानं 3,000 कलम भात त्यात मावायचं म्हणतात. एवढं धान्य देवाला एकट्याला कशाला लागेल?

खानावळीत केळीच्या पानावर सांबारभात, मग रसमभात, मग ताकभात. वाढपी पायांकडे बघून विचारतो, कुठून? तंजावर म्हटल्यावर न विचारता आणखी भात वाढतो. उद्याची कुंभकोणमची मजल याहून लहान आहे, तेव्हा वाटेत स्वामिमलैचं देऊळ करूनच जा, असं तो बजावतो, आणि तिथे पायऱ्या साठ आहेत, हेही.